पत्ता मीच पुरा लिहीन

गेल्या वर्षीच्या श्रावणातली गोष्ट. रात्रीचे साडेदहा वाजले असतील. बाहेर पावसाची संततधार लागलेली आणि मी आमच्या जुन्या पनवेलच्या घरात संगणकापुढे बसलेलो. नव्या कादंबरीसाठी मला एकोणिसाव्या शतकातल्या पनवेल बंदराची माहिती हवी होती. कुलाबा आणि जंजिऱ्याचे १८८३ सालचे गॅझेटियर इंटरनेट आर्काइव्हवर बसल्या जागी वाचायला मिळते. म्हणून ब्राउझर उघडला आणि वरच्या पत्त्याच्या पट्टीत इंग्रजी ‘ए’ हे अक्षर दाबले.

पुढचे अक्षर दाबायच्या आत यंत्राने आपणहून ओळ पुरी करून टाकली. ती आर्काइव्हची नव्हती. खारघरच्या अ‍ॅक्ट्रेकची होती.

पनवेल-खारघर भागात हे नाव कोणाला समजावून सांगावे लागत नाही. टाटा स्मारक केंद्राची ही संस्था. कर्करोगावर तिथे उपचार होतात, संशोधन होते. पनवेलहून लोकलने खारघर तिसरे स्टेशन. गाडीत मांडीवर तपासण्यांची जाडजूड फाइल आणि तोंडाला मास्क असलेला माणूस दिसला की आम्ही न विचारता उठून जागा देतो.

मी ते संकेतस्थळ कधीही उघडले नव्हते. मुलगी पुण्याला, मुलगा बंगळुरूला. घरात माणसे दोनच. मी आणि ही.

आतल्या खोलीत ही झोपली होती. मी संगणक बंद केला आणि बराच वेळ नुसता बसून राहिलो.

कादंबरी लिहिणाऱ्या माणसाला एक खोड असते. दोन ठिपके दिसले की तो त्यांच्यामधून रेघ ओढतो. मी आठवू लागलो. गेल्या महिन्यात ही दोनदा दुपारची बाहेर गेली होती. धाकट्या बहिणीच्या मुलीचे लग्न डिसेंबरात ठरले होते, त्याची खरेदी म्हणून. मेव्हणी त्यासाठी गावाहून मुद्दाम आली होती. पण संध्याकाळी दोघी परतल्या तेव्हा हातात एकही पिशवी नव्हती. मी थट्टेने म्हटलेही होते, ‘‘दुकानं बंद होती की पाकीट?’’ दोघी हसल्या होत्या, पण जरा उशिराच. रात्री ही उशिरापर्यंत संगणकापुढे बसत असे. मी विचारले की म्हणे, ‘‘रेसिपी बघतेय.’’ झाले. माझी रेघ ओढून झाली होती.

पुढचे दहा दिवस कसे गेले ते माझे मला ठाऊक. सकाळचा चहा मी करू लागलो. पाण्याची बादली हिच्या हातून काढून घेऊ लागलो. छत्तीस-सदतीस वर्षे बँकेत काढल्यामुळे संकटात माझा हात आधी कागदपत्रांकडे जातो. त्यामुळे मेडिक्लेमची पॉलिसी, जॉइंट खात्यांची पासबुके, वारसनोंदीच्या पावत्या, सगळे एका फाइलीत लावून ठेवले. तोंडाने मात्र एक शब्द काढला नाही. ती आपण होऊन सांगेल, आपण विचारून तिला कोंडीत पकडू नये, असे मी स्वतःला समजावत होतो. खरे सांगायचे तर उत्तर ऐकण्याची मला भीती वाटत होती.

अकराव्या दिवशी ती फाइल तिच्या हाती लागली.

‘‘अहो, मेडिक्लेमची फाइल कशाला काढलीत? तुम्हाला काही होतंय का?’’

मला काही सुचेना. ‘‘मला नाही, तुला...’’ एवढेच कसेबसे बोललो. मग सगळे सांगितले. ‘ए’ हे अक्षर, ती आपोआप उमटलेली ओळ आणि ते दहा दिवस.

ती आधी माझ्याकडे पाहतच राहिली. मग हसली. आणि हसता हसता तिच्या डोळ्यांना धार लागली.

‘‘मला काही झालेलं नाही हो. झालंय ते तिला.’’

खरेदीला म्हणून आलेल्या धाकट्या बहिणीला. तिचे यजमान आणि माझी पत्नी, या दोघांखेरीज कोणालाही ते माहीत नव्हते. मुलीचे लग्न पार पडेपर्यंत सासरी, माहेरी, व्याह्यांकडे, कोणाकडेही बोलायचे नाही असे बहिणीने हिच्याकडून वचन घेतले होते. आजाराची दया तिला चालली असती. ती लग्नाच्या मांडवात शिरायला नको होती. तिच्या तपासण्यांच्या वेळा, कुठे जायचे, काय न्यायचे, हे सगळे ही रात्री बसून पाहत होती आणि माझ्यापासूनसुद्धा लपवत होती. वचन म्हणजे वचन.

‘‘आता मी तिला काय सांगू?’’ ही म्हणाली. ‘‘मी कोणाला सांगितलं नाही म्हणून? आणि तुम्ही दहा दिवस एकटेच हे उरात घेऊन बसलात. एकदा विचारायचं नाही?’’

दोन्ही प्रश्नांना माझ्यापाशी उत्तर नव्हते.

त्या दिवसापासून या ‘ऑटोकम्प्लीट’ नावाच्या सोयीचा मी विचार करतो आहे. आपण पत्त्याची एक-दोन अक्षरे लिहावीत आणि उरलेला पत्ता यंत्राने लिहावा, ही सोय ब्राउझरमध्ये कित्येक वर्षे आहे. २००८ साली तिला मोठेच पाठबळ मिळाले. जूनमध्ये फायरफॉक्सची तिसरी आवृत्ती आली आणि सप्टेंबरात गुगलचा क्रोम. आपण कोणते पान किती वेळा उघडले आणि किती अलीकडे उघडले, या दोहोंचा हिशेब मांडून फायरफॉक्स पत्त्यांना गुण देतो. त्या गुणांसाठी इंग्रजीतले दोन शब्द सांधून ‘फ्रीसेन्सी’ असा एक नवाच शब्द बनवला गेला. ज्याचे गुण जास्त, तो पत्ता पुढे. क्रोमने तर पत्ता लिहिण्याची आणि शोध घेण्याची पट्टी एकच करून टाकली.

हे कळल्यावर मला त्या रात्रीचा नीट अर्थ लागला. मी आर्काइव्ह अधूनमधून उघडत होतो आणि ही ते दुसरे संकेतस्थळ रोज रात्री उघडत होती. म्हणून ‘ए’वर तिचा पत्ता माझ्या पत्त्याच्या पुढे गेला. म्हणजे यंत्राने मला ती कुठे गेली होती एवढेच सांगितले नाही, तर किती वेळा गेली होती तेही सांगितले. फक्त कोणासाठी गेली होती, ते त्याला ठाऊक नव्हते. ती जागा मी भरली आणि साफ चुकीची भरली.

या यंत्राला मी नुसती नावे ठेवणार नाही. अर्धा पत्ता पुरा करणारी माणसे मी लहानपणी पाहिली आहेत. त्या वेळी आमचा जिल्हा कुलाबा होता, त्याचा रायगड १९८१ साली झाला. ‘लाइन आळी, पनवेल, जिल्हा कुलाबा’ एवढ्यावर आमच्याकडे पत्रे येत. कित्येकदा नुसते आडनाव आणि गाव. आमच्या आळीचे पोस्टमनकाका उरलेला पत्ता मनात पुरा करून पत्र बरोबर त्या घरी टाकत. पण साऱ्या देशाचा कारभार पोस्टमनच्या स्मरणशक्तीवर कसा चालणार? वडगावे आणि पिंपळगावे एकट्या महाराष्ट्रातच किती! त्यात पत्ते लिहिलेले निरनिराळ्या लिप्यांत. म्हणून १५ ऑगस्ट १९७२ रोजी सहा आकडी पिनकोड आला. तो ज्यांनी आखला ते श्रीराम भिकाजी वेलणकर टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे पंडित. आमचा पिन ४१०२०६. यातले पहिले तीन आकडे पत्राला टपालाच्या जिल्ह्यापर्यंत नेतात आणि शेवटचे तीन वाटप करणाऱ्या टपाल कार्यालयापर्यंत. सहा आकडे लिहिण्याचे कष्ट पत्र पाठवणाऱ्याने घ्यायचे, म्हणजे मधल्या कोणाला अंदाज बांधावा लागत नाही.

पोस्टमनकाकांची आणखी एक गोष्ट मला या निमित्ताने आठवली. कोणाकडे कुठून पत्र येते, कोणाची मनिऑर्डर यायची थांबली आहे, हे त्यांना आळीतल्या कोणाहीपेक्षा जास्त ठाऊक असे. शेजारच्या घरातल्या सुनेला माहेरून आलेले पत्र ते तिच्याच हातात देत. ती घरात नसली तर ‘‘संध्याकाळी येतो’’ म्हणून पुढे जात. आळीत कोणी खोदून विचारले तर पिशवी खांद्यावर सारखी करून चालू लागत.

बँकेत रुजू होताना आम्हालाही एका कागदावर सही करावी लागे. निष्ठा आणि गुप्ततेचे प्रतिज्ञापत्र. खातेदाराचा व्यवहार त्याच्या परवानगीवाचून, वा कायद्याने भाग पाडल्यावाचून, बाहेर सांगायचा नाही. तरुणपणी ती सही मी न वाचताच केली होती. तिचा अर्थ पुढे काउंटरवर कळला. दोन भाऊ एकाच बाकावर बसलेले असत. एकाची मुदतठेव आणि दुसऱ्याचे थकलेले कर्ज, दोन्ही मला पाठ. तरी माझ्या चेहऱ्यावर काही दिसता कामा नये. माहिती असणे हा नोकरीचा भाग होता आणि ती गिळून बसणे हाही.

घरातल्या संगणकाने अशी कुठलीच सही केलेली नाही. त्याला सगळे आठवते, पण समोर कोण बसले आहे ते कळत नाही. पत्नीचे रहस्य तो नवऱ्याच्या बोटाखाली ठेवतो आणि मुलाचे बापाच्या. नोकरी बदलू पाहणारा मुलगा, वकिलाचा सल्ला शोधणारी सून, केस विरळ झाले म्हणून औषध शोधणारे आजोबा, सगळ्यांची अक्षरे एकाच पट्टीत. यात लज्जास्पद काहीही नसते. फक्त ते कधी, कोणाला आणि कोणत्या शब्दांत सांगायचे, हे ज्याचे त्याने ठरवायचे असते.

‘‘हे बंद करता येतं का?’’ हिने दुसऱ्याच दिवशी विचारले. येते. आमच्याकडे फायरफॉक्स आहे. त्याच्या सेटिंग्जमध्ये ‘अ‍ॅड्रेस बार’ अशा मथळ्याखाली चौकटी असतात. पत्ता लिहिताना पूर्वी पाहिलेली पाने सुचवावीत का, बुकमार्क सुचवावेत का, उघडी असलेली पाने सुचवावीत का. ‘ब्राउझिंग हिस्टरी’ची खूण काढली की जुन्या भटकंतीतले पत्ते पुढे येणे थांबते. क्रोममध्ये शोध आणि पत्ते सुचवण्याची एक कळ सेटिंग्जमध्ये आहे. ती बंद केली की आपण लिहीत असतानाची अक्षरे सूचनांसाठी शोध कंपनीकडे जाणे थांबते. पण आपल्याच संगणकावरच्या इतिहासातून पट्टीत उगवणारे पत्ते त्याने पुरते जात नाहीत. तिथे नको असलेल्या ओळीवर बाणाच्या कळीने जाऊन शिफ्ट आणि डिलीट एकदम दाबले की ती ओळ पुसली जाते. इतिहास सगळाच पुसायचा तर तीही सोय आहे.

एका संगणकावर अनेकजण बसत असतील तर सर्वांत चांगला उपाय म्हणजे प्रत्येकाचे वेगळे खाते. एका कपाटात प्रत्येकाचा वेगळा खण असावा तसे. खाजगी खिडकी, म्हणजे ‘प्रायव्हेट’ किंवा ‘इनकॉग्निटो’, उघडून काम केले तर खिडकी बंद होताच त्या संगणकावरचा माग पुसला जातो. पण आपण कुठे गेलो होतो ते इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीला आणि त्या संकेतस्थळाला तरीही कळू शकते, हे ध्यानात ठेवावे. घरच्यांपासून आडोसा मिळतो, जगापासून नव्हे.

आमच्या निवृत्त मंडळींचा संध्याकाळी वडाळे तलावाकाठी कट्टा भरतो. तिथे मी मेव्हणीची गोष्ट न काढता नुसती ही चौकट बंद केल्याचे सांगितले, तर एक जुना सहकारी म्हणाला, ‘‘म्हणजे आता बँकेचा पत्ताही रोज बोटानं लिहिणार? एक अक्षर चुकलं तर भलत्याच दुकानात जाशील!’’

त्याचे म्हणणे खोटे नाही. नावाजलेल्या संकेतस्थळांच्या पत्त्यात एखाद्या अक्षराचा फरक करून बनावट पाने उभारणारे लोक आहेत. पण यंत्राच्या आठवणीवर विसंबणेही तितकेच कच्चे. फसव्या पानावर आपण एक-दोनदा चुकून गेलो, की त्याचा पत्ताही इतिहासात जाऊन बसतो. पुढच्या वेळी यंत्र तोच अदबीने पुढे करू शकते. त्याला खरे-खोटे कळत नाही, कळते ते वारंवार आणि अलीकडे.

शिवाय खरे पत्तेही बदलतात. बनावट बँकांच्या पानांना आळा बसावा म्हणून रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०२५ मध्ये भारतीय बँकांसाठी ‘बँक डॉट इन’ने संपणारा राखीव पत्ता जाहीर केला. हैदराबादची आयडीआरबीटी ही संस्था तो फक्त बँकांनाच देते. ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत सर्व बँकांनी त्यावर जावे असा आदेश निघाला. आता बँकेच्या पानावर खातेक्रमांक लिहिण्याआधी पट्टीतला पत्ता शेवटपर्यंत वाचावा आणि तो ‘बँक डॉट इन’ने संपतो ना, ते पाहावे. पासबुकावर किंवा शाखेत विचारून खात्री केलेला पत्ता एकदा नीट लिहून त्याचा बुकमार्क करावा. बुकमार्क आपण जाणूनबुजून केलेला असतो. आणि एवढे करूनही फसवणूक झालीच तर वेळ न दवडता १९३० हा क्रमांक फिरवावा.

काउंटरवर असताना मी नव्या खातेदारांना धनादेश लिहायला शिकवत असे. अक्षरी रक्कम अगदी डावीकडून सुरू करा, पुढे ‘मात्र’ लिहा आणि उरलेल्या जागेवर रेघ ओढा. ‘सहा हजार’च्या आधी जागा सोडलीत तर कोणीतरी तिथे ‘एक लाख’ लिहील, आणि आकड्यातल्या ६,०००चे १,०६,००० व्हायला वेळ लागणार नाही. नावापुढची रिकामी जागाही रेघेने बंद करा. लोक हसत. म्हणत, ‘‘साहेब, फार कटकट करता.’’ पण आपल्या सहीच्या वरची जागा दुसऱ्याने भरू नये, एवढेच त्या कटकटीमागे होते. पत्त्याच्या पट्टीतली ती चौकट बंद करताना मला त्या रेघेची आठवण झाली.

ही सोय सरसकट वाईट आहे असे मात्र मी म्हणणार नाही. आमच्या कट्ट्यावरच्या एका गृहस्थांची बोटे संधिवाताने वाकली आहेत. एका अक्षरात काम होते हा त्यांना दिलासा आहे. दृष्टी अधू झालेल्यांना आणि इंग्रजी स्पेलिंगला बिचकणाऱ्यांनाही ती आधार देते. ज्याचा संगणक त्याच्या एकट्याचा, त्याने ती खुशाल ठेवावी. सामाईक संगणकावर मात्र ती ठेवायची की नाही, हे घरातल्या सगळ्यांना विचारून ठरवावे. आमच्याकडे ते कोणी कोणाला विचारलेच नव्हते. संगणक आला तेव्हा ती खूण लावलेलीच होती.

बहिणीला काय सांगायचे, हा प्रश्न हिने दोन दिवस डोक्यात घोळवला. शेवटी फोन करून सरळ सांगितले. मी शेजारीच बसलो होतो. पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग मेव्हणी म्हणाली, ‘‘बरं झालं. आता भाऊजींनाच स्टेशनावर पाठवत जा. तुझ्याच्यानं माझी बॅग उचलवत नाही.’’

त्यानंतर खारघरच्या फेऱ्यांना आम्ही तिघे जाऊ लागलो. परतताना मी आठवणीने टपाल नाक्याकडून एखादी साडीची, भांड्यांची पिशवी आणत असे. शेजाऱ्यांनी विचारले तर खरेदी दिसायला हवी!

लग्न डिसेंबरात थाटात झाले. सोळा दिवसांनी मेव्हणीने सासरच्या आणि माहेरच्या माणसांना आपल्या घरी जेवायला बोलावले. जेवणे झाल्यावर ओटीवर बसून तिने स्वतः सगळे सांगितले. आजार काय, कधी कळला, उपचार कुठवर आले, पुढे काय. मधेच तिच्या दिरांनी काहीतरी विचारायला तोंड उघडले, तर ती म्हणाली, ‘‘थांबा भावजी, मला पुरं करू द्या.’’ मग सगळे गप्प बसून ऐकत राहिले.

तिचे उपचार नीट चालू आहेत. हे सारे लिहिण्याआधी मी तिची परवानगी घेतली. तिने लेख वाचायला मागितला. वाचून, गावाचे नाव तेवढे घालू नका म्हणाली. ते घातलेले नाही.

आमचा संगणक आता ‘ए’ लिहिले की काही बोलत नाही. पुढची अक्षरे मीच एकेक करून लिहितो.